डालग्याखालची पाव्हणी

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्या नाही, रविवारी निवांत बसून नाही, आत्ता. समोर लॅबमधलं मशीन चालूय, पडद्यावर दिसतंय अजून एक तास बावन्न मिनिटं, तोवर मला इथून हलता येत नाही, आणि दहा मिनिटांपूर्वी काकूंचा फोन येऊन गेलाय. तेव्हापासून मी एकटीच हसतीय. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं दोनदा वळून बघितलं. म्हणून टाइप करायला घेतलं. चुका झाल्या तर सांभाळून घ्या, मला हळू टाइप करता येत नाही.

फोनवर काकू काय म्हणल्या ते शेवटाला सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बरं मग? एक कोंबडी, त्यात काय एवढं? त्यात काय एवढं, तेच तर सांगायचंय.

काकू म्हणजे सख्ख्या काकू नाहीत, शेजारच्या. दोन घरांच्या मधे एकच भिंत, आणि तीही एवढी बुटकी की लहानपणी मी तिच्यावरून उडी मारूनच त्यांच्याकडं जायचे. आमचं गाव भूमच्या अगदी जवळ. बाजाराच्या दिवशी बायका बोलत बोलत चालत जातात, एवढं जवळ. काकू गावच्या पशुसखी आहेत. म्हणजे बचत गटानं निवडून, ट्रेनिंगला पाठवून, गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना लस द्यायचं, जंताचं औषध पाजायचं काम दिलेली बाई. त्यांच्याकडं गटाचा एक निळा बर्फाचा डबा आहे, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. तो डबा यायच्या आधी गावात त्यांना कुणी त्यांच्या नावानं ओळखत नव्हतं. अमक्याची सून, तमक्याची बायको, एवढंच. डबा आला आणि गल्लीतली पोरं ओरडायला लागली, "डॉक्टरीणबाई आल्या, डॉक्टरीणबाई आल्या!" चिडवायचीच ती. पण काकूंना ते चिडवणं लई आवडायचं. पट्टा नीट करायच्या, पदर खोचायच्या आणि अजून जरा ताठ चालायच्या.

आता माझं सांगते. मी कोंबड्यांना रोग करणाऱ्या विषाणूंची जनुकं वाचते. असं सांगितलं की पाव्हणे लोक "वा वा" म्हणतात आणि लगेच "लग्नाचं काय?" विचारतात. काम अवघड वाटतं, पण तसं सोपं आहे. मानमोडी नावाचा रोग आहे, कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतो. कोंबडी हिरवं हगते, मान वाकडी करून पाठीवर टाकते, गोल गोल फिरते आणि जाते. एक गेली की दुसरी, मग गल्लीच्या गल्ली. हा रोग करणारा विषाणू म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. चारच अक्षरं, उलटीपालटी करून पंधरा हजारांच्या आसपास वेळा लिहिलेली. वेगवेगळ्या गावांत त्या ओळीत कुठं कुठं फरक पडतो. तो फरक वाचायचा, कोणता विषाणू कुणाचा भाऊबंद ते लावायचं. हे माझं काम. त्यासाठी आपल्या जिल्ह्यात गावोगाव फिरायचं आणि कोंबडीच्या चोचीत, मागं, कापसाचा बोळा फिरवून नमुना आणायचा.

गंमत म्हणजे मला कोंबडी धरताच येत नव्हती. खेड्यात वाढलेली, पण आमच्या घरात गळ्यात लिंग, सकाळ-संध्याकाळ महादेवाची पूजा, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. विषय ठरला तेव्हा आई म्हणाली होती, "जगात शिकायला दुसरं काहीच उरलं नव्हतं काय गं?" पहिल्या दिवशी कोंबडीनं माझ्या मनगटावर असा काही टोचा मारला की मी बोळा टाकून पळाले. काकू भिंतीवरून बघत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आगं, तू तिला भीतीस का ती तुला?"

"दोघी पण, काकू."

"इकडं ये. दिवस उगवायच्या आत यायचं, खुराडं उघडायच्या आधी. पाय असे दोन बोटात धरायचे. पंख काखंत दाबायचे. आन डोळ्यावर पदर टाकायचा. पदर टाकला की तिला वाटतंय रात झाली, गप पडती."

मला पदर नव्हता, मी ओढणी टाकली. कोंबडी खरंच गप्प पडली. तिचं काळीज माझ्या काखेत टुकटुक वाजत होतं. आठ दिवस रोज पहाटे काकूंनी मला स्वतःच्या कोंबड्यांवर शिकवलं. कॉलेजात इतकी वर्षं शिकले, पण हातात काम आलं ते तिथं, काकूंच्या खुराड्यापुढं, शेणानं सारवलेल्या अंगणात. हे मी कुणाला सांगत नाही फारसं. आज सांगतीय.

तर त्या हंगामात माझे नमुने उमरग्याकडं घ्यायचे होते. हायवेच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीजवळचं गाव. तिथल्या एका घरात एक आजी आणि त्यांची सून. आजी कानडीच बोलायच्या, सून दोन्ही. मला कानडी समजतं थोडं, बोलता येत नाही. सहा कोंबड्या होत्या, सगळ्या ठणठणीत. सहाही काकूंच्या पद्धतीनं धरल्या, बोळे घेतले, नळ्यांवर नंबर टाकले, बर्फात ठेवले. आजी पायरीवर बसून बघत होत्या. मी निघाले तर म्हणाल्या, "ऊटा माडकोंड होगु."

"जेवून जा म्हणत्यात," सून म्हणाली. "नाही म्हणू नका, त्या ऐकत नसत्यात."

जेवले. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वरून तूप. आणि निघताना आजींनी त्या सहातली एक, ठिपक्याठिपक्यांची, पाय फडक्याच्या पट्टीनं बांधून माझ्या हातात दिली. वानोळा! आपल्याकडं असतंय ना, आपल्या घरचं जे चांगलं ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचं. कुणी शेंगा देतं, कुणी काकवी देतं. आजींनी कोंबडी दिली.

मी म्हणलं, "आजी, आमच्या घरात चालत नाही."

सुनेनं कानडीत सांगितलं. आजींनी हात झटकला आणि काहीतरी बोलल्या. सून हसली. "त्या म्हणत्यात, खा म्हणून कोण सांगतंय? पाळ. आमच्या घरी तपासायला आलेली पोर रिकाम्या हातानं गेली, तर गावात तोंड काय दाखवू?"

आता इथं थांबा. आमच्या गाईड मॅडमचा एक नियम आहे. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना चपला औषधाच्या पाण्यात बुडवायच्या, हात धुवायचे, अंगातला कोट काढून पिशवीत बंद करायचा. विषाणू आपल्या पायांनी फिरतो, हे मॅडम पहिल्या दिवशीच सांगतात. मी तो नियम पाळला. अगदी मन लावून पाळला. हायवेवरच्या हॉटेलाच्या मागं उभी राहून चपला बुडवल्या, खालून ब्रशनं घासल्या, कोट बंद केला. आणि मग ती कोंबडी काखेत घेऊन एसटीत बसले.

हसू नका. मला तेव्हा खरंच काही वाटलं नाही. चपला म्हणजे काम, आणि वानोळा म्हणजे... वानोळा. त्याला कुणी तपासतं का? धाराशिवला गाडी बदलली तेव्हा कंडक्टर म्हणाले, "ताई, हिचं हाफ काढू का फुल?" सगळी गाडी हसली, मी पण हसले. पाव्हणी शांत होती. तिच्या डोळ्यांवर ओढणी टाकलेली.

मंगळवारी दुपारी घरी पोचले. आई दारातच आडवी. "कोंबडी? आपल्या घरात?" म्हणून भिंतीवरून काकूंकडं दिली. काकू इतक्या खूश झाल्या की काय सांगू! तिला उलटीसुलटी करून बघितलं, पायाची पट्टी सोडली, मूठभर ज्वारी टाकली.

"हिला लस द्यायला पायजे हुती. पर बाटली रविवारीच संपली बघ. सगळ्या गल्लीच्या कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब टाकले परवा. बाटली फोडली की दोन तासात संपवायला लागती. ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपंला देऊ." आणि तिला आपल्या कोंबड्यांत सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत पाव्हणी उकिरड्यावर सगळ्या गल्लीच्या कोंबड्यांबरोबर पाय खरडत होती, जसं काही इथंच जन्मली.

मी लॅबला परत आले. पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन. आवाज वेगळाच.

"पोरी, माना टाकायला लागल्यात."

मी गेले तेव्हा काकूंच्या खुराड्यात दोन राहिल्या होत्या, त्यातली एक मान पाठीवर टाकून गोल फिरत होती. ती तांबडी होती. तिच्यावरच मी धरायला शिकले होते. गल्लीत घरोघर तेच. काकू कोपऱ्यात बसलेल्या, आणि डबा त्यांच्या शेजारी, झाकण उघडं, आत बर्फाचं पाणी झालेलं.

त्या दिवशी दुपारी गटाची बैठक होती, समाजमंदिरात. मी पण गेले. अध्यक्षीणबाईंनी सुरुवात जरा जपूनच केली. "राग मानू नगा. पर लस दिली रविवारी, आन त्याच्या पुढच्या रविवारी मरायला लागल्या. आता आमी काय समजायचं?"

"लस रोग रोखायला असती," काकू म्हणल्या. "मारायला न्हाय."

"मग एक सांगा," दुसरी एक बाई उठली. तिची खुडूक बसलेली कोंबडी मेली होती, पोटाखाली अकरा अंडी घेऊन. "तुमच्या घरात एकटी कोण जगली? ती उमरग्याची. आन लस कुणाला दिली न्हवती? तिलाच. जिला लस न्हाय ती टुणटुणीत, जिला लस ती खड्ड्यात. आमी अडाणी असू, आंधळ्या न्हाय."

काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि मी खाली बघितलं.

ठरलं असं की काकूंनी डबा गटाकडं जमा करायचा. काम दुसरीला द्यायचं, नाहीतर बंदच करायचं. काकू उठल्या, खांद्यावरचा पट्टा काढला. पट्टा वेणीत अडकला, तो सोडवायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मला अजून आठवतात.

मग मीच ओरडले जवळजवळ. "महिनाभर थांबा! पुढच्या बैठकीपर्यंत. मी नमुने नेते. मेलेल्या कोंबडीतला विषाणू लसीतला आहे का बाहेरून आलाय, ते वाचता येतं. तेच तर माझं काम आहे. वाचून आणते. लसीतला निघाला तर डबा द्या कुणाला द्यायचा त्याला."

गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या आजी तंबाखू मळत होत्या. "मेलेली कोंबडी बोलती व्हय आता?"

"बोलत नाही आजी. पण लिहून ठेवून गेलीय."

"बघा बया! आमच्या टायमाला कोंबड्या शाळंत न्हवत्या जात."

हशा झाला आणि महिना मिळाला. डबा मात्र अध्यक्षीणबाईंच्या घरी गेला.

तो महिना मी कसा काढला! नमुने बर्फात घालून आणले, त्यातून विषाणूचा धागा वेगळा केला, मशीनमध्ये त्याच्या लाखो प्रती काढल्या, वाचायला बाहेर पाठवल्या. मग वाट बघायची. काकूंचा फोन एक दिवसाआड. "आलं का गं वाचून?" आणि मी, "येईल काकू, येईल, तुम्ही निवांत राहा, लस अशी मारत नसते." म्हणजे बघा, मी निकाल यायच्या आधीच किती खात्रीनं बोलत होते.

फाइल आली. मी आधी ती एक जागा बघितली. या विषाणूच्या अंगावर एक कुलूप असतं. ते उघडल्याशिवाय त्याला कोंबडीच्या पेशीत शिरता येत नाही. लसीतल्या विषाणूचं कुलूप असं की त्याची किल्ली फक्त घशात न् आतड्यात असते, म्हणून तो तिथंच थोडासा खेळतो, शरीराला त्याची ओळख होते आणि काम भागतं. मारणाऱ्या विषाणूचं कुलूप कुठल्याही किल्लीनं उघडतं. मेंदूत, काळजात, सगळीकडं. आमच्या गल्लीतल्या विषाणूचं कुलूप हे दुसरं होतं. मारणारं. लसीतलं नाही! मी खुर्चीवरून उठून उडी मारली, खोटं नाही. काकू सुटल्या!

मग सवयीनं ती ओळ माझ्या बाकीच्या नमुन्यांशेजारी ठेवली, भाऊबंद कोण ते बघायला. आणि संगणकानं ती एका नमुन्याला नेऊन चिकटवली. अक्षर न् अक्षर सारखं. उमरग्याकडचा नमुना. नळी नंबर चार. मी वही काढली. चार नंबर, ठिपक्याठिपक्यांची.

सुनेला फोन लावला. "ताई, तुमच्या कोंबड्यांना कधी लस दिली होती का?"

"व्हय की. दोन महिन्यांपूर्वी, सगळ्यांना. म्हणून तर आमच्या वाचल्या, मागच्या गल्लीतल्या बऱ्याच गेल्या. का हो? आमची कशी हाय? अंडी देती का?"

सगळं उलगडलं. पाव्हणीला लस होती, तिकडची. म्हणून ती स्वतः आजारी पडली नाही, पण तिच्या नाकाघशात विषाणू होता. आमच्या कोंबड्यांना लस मिळून दोनच दिवस झाले होते. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांच्या फटीत मी तिला आणून सोडलं. धुतलेल्या चपला घालून.

मॅडमकडं गेले. त्यांनी दोन्ही ओळी बघितल्या, वही बघितली. मग म्हणाल्या, "चपला धुतल्या होत्यास?"

"हो."

"आणि कोंबडी?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, पाण्याचा ग्लास सरकवला. "तुझ्या काकूंना सोडवायला अर्धा कागद पुरतो," त्या म्हणाल्या. "लसीतला विषाणू नाही, एवढं वाचलंस तरी त्यांचा डबा परत मिळेल. उरलेला अर्धा तुझा आहे. त्याचं काय करायचं ते मी सांगणार नाही. पण काय करशील ते फोनवर करू नकोस. गावाला जा."

एसटीत सगळा वेळ तो अर्धा कागद माझ्या डोक्यात. खरंच कुणाला कळलं नसतं हो. गावात ती ओळ वाचणारी मी एकटी.

बैठकीत डबा मधोमध ठेवला होता. मी कुलपाचं सांगितलं. लसीचा विषाणू आणि हा विषाणू वेगळे, लसीनं एकही कोंबडी मेली नाही. अध्यक्षीणबाईंनी मान हलवली. काकूंनी एवढा मोठा श्वास सोडला की पदर हलला. तिथं थांबता आलं असतं. मी पाणी प्यायले.

मग म्हणलं, "अजून आहे. हेळवी येतो बघा, बैलावर बसून, आणि तुमच्या घराण्याच्या दहा पिढ्या म्हणून दाखवतो, कोण कुठनं आलं, कुणाचा कोण. तसं ह्या विषाणूचं घराणं पण वाचता येतं. हा उमरग्याचा आहे. पाव्हणीबरोबर आलाय. आणि पाव्हणीला मी आणलं."



थोरल्या आजी म्हणल्या, "म्हंजी डॉक्टरीणबाई न्हाय. तू."

"हो आजी. मी."

ती खुडूक कोंबडीवाली बाई माझ्याकडं बघत राहिली. "माझी अंड्यावरच मेली गं. उठली सुदिक न्हाय." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"मी भरून देईन, ताई."

"तू काय भरून देतीस? तुझ्या घरात अंडं चालत न्हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. तिलाही हसू आलं, नको असताना. पण काकू हसल्या नाहीत. त्या उठल्या, मला वाटलं आता बोलतील, आणि बोलाव्यात असंही वाटत होतं. महिनाभर त्या गल्लीतून मान खाली घालून गेल्या होत्या, माझ्यामुळं.

"पोरीनं आणली, खरं हाय," त्या म्हणल्या. "पर सोडली कुणी? म्याच की. ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी शिकवलं हुतं, नवी कोंबडी आली की तीन आठवडं येगळी ठिवायची. मला पाठ हाय. पर लांबनं आलेल्या पाव्हणीला आल्या आल्या कोंडून घालायचं, माझ्या जिवाला बरं वाटलं न्हाय. म्हणलं, चार जणीत मिसळू दे." मग माझ्याकडं वळल्या. "आन एक सांगते. हे माझ्या हातनं झालं असतं, तर म्या अशी उभी राहून सांगितलं नसतं. म्या गप बसले असते."

एवढं बोलून त्यांनी डबा उचलला, कुणाची परवानगी न घेता, पट्टा खांद्यावर टाकला आणि वेणी बाहेर काढली. अध्यक्षीणबाई म्हणल्या, "आता काय, डबा तुमचाच हाय." थोरल्या आजी म्हणल्या, "ते समदं ठीक हाय, पर त्या उमरग्याच्या भवानीचा रस्सा कवा?"

रस्सा झाला नाही. काकूंनी होऊ दिला नाही. "तिचा काय गुन्हा?" पाव्हणी गोठ्याच्या पलीकडं, डालग्याखाली बसली. मोठं बांबूचं डालगं, वर दगड. तिचं पाणी वेगळं, दाणा वेगळा, काकू तिच्याकडं सगळ्यात शेवटी जायच्या आणि हात धुऊन यायच्या. मी दोनदा बोळा घेऊन आले. पहिल्यांदा थोडा विषाणू दिसला, दुसऱ्यांदा काहीच नाही. आणि मग काय व्हावं? पाव्हणी खुडूक बसली! काकूंनी लांबच्या, रोग नसलेल्या गावातनं अंडी आणली, तिच्याखाली ठेवली. पहिली पिल्लं गेली अकरा अंडीवाल्या त्या बाईकडं. मी स्वतः नेऊन दिली, ओढणीत घालून. तिनं मोजून घेतली आणि म्हणाली, "बस. च्या पिऊन जा." तो चहा मला आठवणीतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठा वाटतो.

आता आमच्या गल्लीत नियमच झालाय. कुणाच्या माहेरून कोंबडी येऊ दे, बाजारातून येऊ दे, आधी तीन आठवडे डालगं. "कशी हाय नवी?" विचारलं की उत्तर येतं, "पाव्हणी डालग्यात हाय." मागं थोरल्या आजींचा जावई आला सर्दी घेऊन, तर त्या म्हणल्या, "ह्यांना पण ठिवा डालग्याखाली."

आता फोन. मागच्या रविवारी मी घरी गेले होते तेव्हा काकूंनी डालग्याखालच्या एका तलंगीचा बोळा घ्यायला लावला होता. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. पाव्हणीनंच वाढवलेली, ठिपक्यांची नाही, चक्क तांबडी. मी विचारलं, ही तर घरचीच, हिला का कोंडलीय? काकू म्हणल्या, "तू बोळा घे, लई इचारू नगं." घेतला. आज लावला मशीनला. आणि आज फोनवर काकू म्हणतात:

"पुढच्या आठवड्यात तू उमरग्याला जाणार हायस न्हवं? ती तांबडी त्या आजीला द्यायची. त्यांनी आपल्याला एवढी गुणाची पाव्हणी दिली, आपण रिकामंच ऱ्हायचं व्हय? तीन आठवडं चार कोंबड्यांतनं येगळी ठिवलीया. लस कवाच दिलीया, मुरलीया. तू तेवढं वाचून बघ तिच्यात काय हाय का, मगच ने. आन ऐक, त्यास्नी सांग, आमची पाव्हणी पण तीन आठवडं डालग्याखाली ठिवा. राग मानू नगा म्हणावं. आमच्याकडं अशीच पद्धत हाय म्हणावं."

आमच्याकडं अशीच पद्धत आहे! मला सांगा, मी हसू नको तर काय करू? ज्या वानोळ्यानं एवढं सगळं झालं, तो वानोळा काकूंनी बंद नाही केला. तपासून, मुरवून, परत पाठवायला काढला.

मी फोनवर म्हणलं, "काकू, तुम्ही मला कधी रागावलाच नाहीत."

"रागावले की. तू भिंतीच्या पल्याड हुतीस, तुला ऐकू आलं न्हाय. ठेव आता, डाळ उतू चाललीया."

बघता बघता मशीन संपत आलं. सात मिनिटं. थांबा, इथंच थांबते.

आला निकाल. पडद्यावर दोन रेघा आहेत. एक तपासणीसाठी मुद्दाम ठेवलेल्या विषाणूची, ती डोंगरासारखी वर गेलीय, म्हणजे मशीन बरोबर आहे. दुसरी तांबडीची. सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आमच्या माळरानासारखी सपाट. काही नाही तिच्यात. काकूंना फोन लावते आता, पण त्याआधी तुम्हाला विचारायचंय. तुमच्या हातून असं कधी झालंय का, की चूक तुमची आणि मान खाली दुसऱ्याची, आणि त्याच माणसानं नंतर चारचौघांत तुमच्या चुकीतला वाटा उचलला? काय केलंत तुम्ही तेव्हा? सांगितलंत का त्यांना, की तुमचे लई उपकार आहेत? का माझ्यासारखं, भिंतीच्या अल्याडच राहिलात?